गजरा म्हशीची धार कोणी काढली याबाबत

जबाब
दि. ९ डिसेंबर २०२५, दुपारी ४.१०

मी शबनूर मीरासाब शिकलगार, वय ३१ वर्षे, शिक्षण बी.ई. मेकॅनिकल, धंदा माणसाच्या आकाराचे रोबो तयार करणे, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर. राजवर्धन मगदूम, राहणार नृसिंहवाडीजवळ, यांच्या तक्रारीवरून मला पोलीस ठाण्यात बोलावणे आले. विचारले म्हणून समोर बसून सांगते की,

मी वरील पत्त्यावर आईवडिलांसह राहते. वडील उद्यमनगरात लेथवर टर्नर होते, आता घरी असतात. त्यांच्या जुन्या शेडमध्ये मी चार वर्षांपासून रोबो बनवते. मोठ्या कंपन्यांचा रोबो मोटारीच्या किमतीत जातो, माझा मोटारसायकलच्या किमतीत होतो. त्याची सर्व ड्रॉइंग व प्रोग्राम मी इंटरनेटवर मोफत ठेवते. कोणीही घ्यावे, बनवावे, सुधारावे. यात माझे कसे भागते, असे हवालदारांनी विचारले. दुरुस्तीची आणि शिकवण्याची कामे मिळतात, भागते. लग्नाबाबतही विचारले. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

रोबोत सर्वांत अवघड हात. चालणे जमते, मूठ जमत नाही. म्हणून एप्रिल महिन्यात मी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर सयाजी गवळी, वय ६८, यांच्याकडे गेले. तिथे गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. मी लहानपणापासून तिथे दूध पिते व सयाजींना मामा म्हणते. मामांची मूठ वरच्या बोटापासून खाली क्रमाने मिटते, म्हशीला दुखत नाही. तारा लावलेला हातमोजा त्यांच्या हातात घालून मी आठ दिवस ती मूठ मोजून घेतली. त्यांची गजरा म्हैस दुसऱ्या कोणाला कासेला हात लावू देत नाही, हे ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत. मला आठही दिवस सांगितले.

ऑगस्टमध्ये मामांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. हात निकामी झाला. धार काढायला बसलेले दोन गडी गजराने लाथाडले, तेव्हापासून दूध रेडकूच पीत होते. मामी तानाबाई यांनी मी बसते म्हटले, तर मामा म्हणाले, "कट्ट्यावर बाईमाणूस बसत न्हाय." म्हैस विकायचे ठरले. मी भेटायला गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. तसेच पडून म्हणाले, "पोरी, माझी मूठ तुझ्याकडं हाय नव्हं? मग आण की."

मला नाही म्हणवले नाही.

२२ सप्टेंबर रोजी सायंकाळी साडेपाच वाजता मी रोबो कट्ट्यावर नेला. मंडळींनी त्यास "या पावणं" म्हणून चहा विचारला. पहिल्या दिवशी गजराने लाथ घातली, रोबोचे कोपर निखळले. दुसऱ्या दिवशी पंजा कोमट पाण्यात धरून पाहिला. पुन्हा लाथ. तिसऱ्या दिवशी मामांचा सदरा रोबोच्या अंगात घातला व मामांना गजराच्या तोंडापाशी खुर्चीवर बसवले. गजराने सदरा हुंगला आणि पान्हा सोडला. परंतु रोबोची चारही बोटे एकदम मिटत होती. एक थेंब आला नाही.

तेव्हा रोबोमागे चरवी धरून बसलेल्या मामींनी सदऱ्याखालून हात घातला. धार चरवीत वाजू लागली. म्हशीच्या पलीकडून मामांना रोबोचे फक्त डोके दिसत होते. ते कट्टाभर ऐकू जाईल असे ओरडले, "माझीच धार हाय रं ही!" आणि रडले. मलाही रडू आले. मामींनी मला बाजूला घेऊन सांगितले, "ह्यास्नी सांगू नगंस, बाई. हात गेलाय तेवढा बास." मामांना हे माहीत नाही.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ असेच चालले आहे. रोबोचे काम सदरा घालून बसणे एवढेच आहे. ते खुंटीनेही केले असते. मामा खुर्चीवरून गिऱ्हाइकांना आपल्या मुठीविषयी सांगतात. म्हैस विकली गेली नाही.

ऑक्टोबरमध्ये कोणा गिऱ्हाइकाने काढलेला व्हिडिओ गावभर फिरला. मामा म्हणाले, "माझं नाव लाव की त्या हाताला." इंटरनेटवर हाताच्या ड्रॉइंगखाली मी "चाचणी बाकी" असे लिहिलेले होते. ते खोडून "चाचणी झाली. मूठ सयाजी गवळी, कोल्हापूर" असे लिहिले. लिहिताना मला आनंद झाला होता, तो लपवत नाही. मोजल्याशिवाय पार्ट पास म्हणायचा नाही, हे मला वडिलांनी लहानपणीच शिकवले आहे. त्यांना हा प्रकार काल कळला. "माझ्या लेथवर आसतीस तर हाकलली आसती," एवढे म्हणाले आणि जेवले नाहीत.

तक्रारदार राजवर्धन यांनी ती ओळ वाचून तसाच हात बनवला व २ डिसेंबर रोजी आपल्या म्हशीला लावला. लाथेने त्यांचे मनगट मोडले. त्या ओळीने फसवणूक झाली, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. फुकट दिलेल्या वस्तूत फसवणूक कशी होते, असे हवालदारांनी विचारले. होते. माझ्या एका ओळीवर भरवसा ठेवून त्यांनी म्हशीच्या पायापाशी हात नेला.

आज मामा माझ्या बाजूने साक्ष देण्यासाठी मामींबरोबर रिक्षाने आले आहेत. बाहेर बाकावर बसले आहेत. "पोरीवर बालंट आलंय, त्या हातात माझी मूठ हाय," असे त्यांनी आल्यापासून ठाण्यातल्या प्रत्येकाला सांगितले आहे. मी खोटे सांगितले तर उद्या आणखी कोणाचे मनगट मोडेल. खरे सांगितले तर मामा पुन्हा भिंतीकडे तोंड करतील. मी खरे सांगितले आहे. मात्र हळू आवाजात सांगितले आहे.

ती ओळ मी इथे बसूनच मोबाइलवरून काढली. "चाचणी फसली. जनावराला लावू नये" असे लिहिले. राजवर्धन यांच्या औषधपाण्याचे मी बघेन.

जबाब मनात वाचून सही करते, मोठ्याने वाचू नये, अशी मी विनंती केली. हवालदार म्हणाले, "ताई, वाचून दावल्याबिगर जबाब पुरा हुत न्हाय." त्यांचा आवाज मोठा आहे. खोलीचे दार लागत नाही.

वाचनानंतरचा वाढीव मजकूर, सायंकाळी ५.०५

हवालदार "मामांना हे माहीत नाही" येथपर्यंत आले असता मामा बाकावरून म्हणाले, "हितं चुकलंय." काय चुकले, असे विचारले. मामा म्हणाले, "चाळीस वर्सं धार ऐकतोय मी. माझी जाड, हिची बारीक. पयल्याच दिवशी कळलं."

मामी म्हणाल्या, "मग बोलला का न्हाईसा?"

मामा म्हणाले, "बोललो आसतो तर तू उठली आसतीस."

यावर मामींनी, धारेची वेळ झाली, चला, एवढेच सांगितले. रिक्षात बसताना मामांनी मला हाक मारली. "पावण्याला घरी ने, पोरी. सदरा तेवढा काढून हिच्या अंगात घाल."

"मामांना हे माहीत नाही" हे वाक्य खोटे निघाल्याने खोडले आहे, शेजारी माझी सही आहे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. तो पुन्हा वाचून दाखवण्याची गरज नाही, सर्वांनी ऐकला आहे.

शबनूर मीरासाब शिकलगार