खांबाला काटे नसतात

खांबाला? गाडी मागे घेताना? — मागे घेताना पुढचा बंपर फुटला, हे आजच ऐकतोय मी. बावीस वर्षं पत्रा ठोकतोय साहेब, असा खांब काही मला अजून भेटला नाही. नाही नाही, बसा की, त्या स्टुलावर बसा, डगमगतं पण पाडत नाही. आणि जाणार कुठं, चाक तर मी उतरवून ठेवलंय. हे बघा, खांबाला धडकलं की पत्रा उभा दबतो, सरळ रेषेत. हा बघा कसा दबलाय — खालून वर. गुडघ्याच्याही खाली असेल तुमचा खांब. आणि हे काय? थांबा, पक्कड घेतो... जाळीतून घुसलंय, पार रेडिएटरपर्यंत. काळं, मग पांढरं, मग परत काळं. हा दुसरा, अर्धा तुटलेला. खांबाला काटे असतात का हो साहेब? तुमच्याकडे असतील. मोठ्या लोकांचे खांबही वेगळे.

मी ओरडत नाहीये. हा माझा आवाजच आहे, दिवसभर हातोडी कानाशी असली की माणूस असाच बोलतो — ए पेंटर, बंद कर रे ते मशीन घटकाभर! — हां. तर मंगळवारची पहाट, पाचची वेळ म्हणालात ना? पुलापलीकडचं वळण, जिथं सिमेंटचे पाइप रचून ठेवलेत? कसं माहीत म्हणजे? तुमच्या बंपरचा हा कोपरा कुठाय, सांगा बघू. मी सांगतो. पाइपांपाशी गवतात पडलाय. राखाडी रंगाचा. मी माझ्या पायानं बाजूला सारला तो, कारण तो त्याच्या तोंडाशी पडला होता. त्याच्या म्हणजे कुणाच्या? साळिंदराच्या! आता तरी खांब-खांब करू नका.

तुम्ही बघितलंय कधी जवळून? मी नव्हतं बघितलं. मला वाटायचं, असेल उंदराएवढं काहीतरी. चांगलं कुत्र्याएवढं असतं हो ते, आणि त्याचं काय असतं माहितीये — कुणी जवळ आलं की ते पाठ करतं. पळत नाही, चावत नाही, पाठ वळवतं आणि काटे उभे करतं, एवढंच त्याला येतं. आणि याची कंबर मोडलेली. मागचं सगळं मेलेलं, पुढचे दोन पाय तेवढे चालू. मी जवळ गेलो की ते पाठ वळवायला बघायचं आणि वळायचं नाही, पुढच्या पायांनी नुसती माती उकरायचं. दोन्ही बाजूंना अशी अर्धी-अर्धी गोल रेघ उमटली होती मातीत. किती वेळ उकरत असेल, तुम्हीच हिशेब करा. तुम्ही गेलात पाचला, मी पोचलो सव्वासातला.

काय म्हणालात?... उतरला होतात. अच्छा. उतरलात, बघितलंत, आणि — मेलंय असं वाटलं. वाटलं! वाटायला काय जातं? साहेब, मेलेलं आणि जितं यातला फरक कळायला काही शाळा शिकावी लागत नाही. डोळा उघडा होता त्याचा. श्वास चालू होता, नाकाशी रक्ताचा बुडबुडा यायचा आणि फुटायचा. ते कळतं माणसाला. बघितल्या बघितल्या कळतं, पोटात कळतं. मग माणूस म्हणतो मेलंय, कारण मेलंय म्हटलं की पुढं काही करावं लागत नाही, गाडीत बसायचं आणि जायचं. मला नका सांगू तुम्ही. मला चांगलं माहितीये, कारण मी पण —

काही नाही. तो पाना द्या इकडे. तो नाही, चौदाचा.

मी पण तेच म्हटलं, झालं समाधान? स्कूटर होती, पुढं पोरगी उभी, आठ वर्षांची, शाळेला उशीर झालेला. तिलाच आधी दिसलं. "बाबा, थांब!" म्हणाली, मी थांबलो. एक नजर टाकली आणि तोंड फिरवलं — मी, ज्यानं अपघातातल्या गाड्यांच्या सीटा धुतल्यात या हातांनी! आणि पोरीसमोर काय सांगायचं, की बाबाला भीती वाटते? म्हटलं, "मेलंय गं ते, चल." आणि नेमकं तेव्हाच त्यानं काटे हलवले. वाजतात ते, साहेब. पोकळ असतात ना शेपटीचे, खळखळ वाजतात. पोरगी म्हणाली, "बाबा, वाजतंय." मी म्हटलं, "वारा आहे."

वारा. पान हलत नव्हतं त्या सकाळी.

मग तिला शाळेत सोडलं. फाटकाशी एरवी हात करते, त्या दिवशी नाही केला. मी दुकानाकडे वळलो, अर्ध्या रस्त्यात आलो, आणि... काय की, स्कूटर आपोआप वळल्यासारखी वळली. आपोआप कशी वळेल, मीच वळवली. डिकीत हातोडी होती, ही, हीच. मनात म्हटलं, एक घाव, बस, सुटेल बिचारं. उगारली पण. साहेब, पत्र्यावर ही हातोडी दिवसातून हजारदा पडते, पण त्याचा एक डोळा माझ्याकडे होता आणि ते पुन्हा पाठ वळवायला लागलं, वळत नव्हतं तरी वळवायला लागलं... खाली ठेवली. बाटलीतलं पाणी ओतलं त्याच्या तोंडाशी. मग पंपावरच्या ओळखीच्या माणसाला फोन, त्याच्याकडून वनखात्याचा नंबर, तिथला माणूस पहिलं वाक्य काय म्हणाला असेल? "पाणी देऊ नका, छातीत जातं." घ्या! बुडबुडे वाढलेच होते. म्हणाला, हात लावू नका, तोंडावर कापड टाका, माणसं लांब ठेवा, डॉक्टर निघालेत. निघालेत ते दोन तास चाळीस मिनिटांनी आले. रस्ता लांब होता त्यांचा, मी त्यांना नाही बोलणार काही. मी कापड टाकलं — कापड कसलं, अंगातला शर्ट — आणि बनियनवर बसून राहिलो रस्त्याकडेला. येणारे-जाणारे बघतायत. एक भला माणूस मोटारसायकल लावून आला. इस्त्रीची पॅन्ट, तुमच्यासारखीच. म्हणाला, "दोन-चार काटे काढून घेऊ का, शोकेसमध्ये छान दिसतील." जित्या जनावराचे! वाकला पण खाली. तेव्हा मात्र ही हातोडी झटक्यात वर गेली. जनावरावर उचलवली नव्हती, माणसावर उचलली. तो पळाला म्हणून वाचला, नाहीतर मी आज तुमची गाडी करत नसतो, आत असतो. हे मी घरी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय कोण जाणे.

कंबर मोडल्याची खूण नव्हती हो बाहेरून काहीच. डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, काठीनं शर्ट वर केला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, नाही. एवढंच. लांब काठीला सुई लावतात, तसं इंजेक्शन दिलं. उभे काटे होते ना, ते हळूहळू, एकेक करून, आडवे झाले. वाजले नाहीत. मग बाईंनी मला विचारलं, "तुमच्या गाडीनं झालं का?" मी काय उत्तर दिलं असेल? नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण त्यांना काही पटलं नाही, तोंडावर दिसत होतं. करून सवरून तुम्ही नामानिराळे आणि नजरा खायच्या मी!

आता तुम्ही म्हणाल, जे करायचं ते केलंस की, परत गेलास की. मलाही तसंच वाटलं. संध्याकाळी पोरीला जवळ घेतलं, सगळं सांगितलं — परत गेलो, फोन केला, डॉक्टर आल्या, त्याला दुखलं नाही. मला वाटलं गळ्यात पडेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेलेल्याकडे परत कशाला गेलास?"

आहे उत्तर? तुम्ही शिकलेले आहात, सांगा. मी तीन दिवस शोधतोय. बायको म्हणते, लहान आहे, विसरेल. काही विसरत नाही. स्कूटरवर बसत नाही, आईबरोबर पायी जाते, मैलभर. मी काही सांगितलं तर आईकडे बघते, खरं आहे का म्हणून. पाऊस पडतोय म्हटलं तर खिडकीशी जाऊन हात बाहेर काढून बघते!

आणि तुम्ही त्या स्टुलावर बसून मला खांब सांगताय. विम्याच्या कागदावर खांब लिहा म्हणताय. मी काय लिहीन माहितीये? मी — थांबा. गप्प बसा जरा. शाळा सुटली.

त्या बघा, पलीकडच्या फुटपाथवरून. निळं दप्तर. आई बोलतेय, ती ऐकतेय. रोज इथं, दुकानासमोर आली की ती चपलांकडे बघत जाते. बघू नका तिकडे तुम्ही, कळेल तिला —

थांबली.

गाडीकडे बघतेय. जाळीकडे, त्या अर्ध्या काट्याकडे... आता माझ्याकडे. अगं — काय झालं, ये ना... नाही. मान हलवली नुसती. येत नाही म्हणाली का बघितलं म्हणाली, कळलं नाही. गेली.

तुम्ही उठा. चाक लावून देतो, गाडी घेऊन जा. नाही, मी करणार नाही हे काम, कुणाकडूनही करून घ्या, पुढच्या चौकात आहेत दोघं-तिघं, खांब म्हणाल तर खांब लिहून देतील. माझ्याशी बोलू नका. पेंटर, चालू कर रे मशीन.