चेअरमननी सदरा काढला

जमलेल्या थोरामोठ्यांनो, आयाबायांनो,

सोसायटीच्या या अंगणात एवढी माणसं मी दुष्काळातल्या बैठकांनाच पाहिली होती. त्या बैठकांत बाई कधी बोलायला उभी राहिली नाही. सून तर नाहीच नाही. सरपंचांनी माझं नाव पुकारलं तेव्हा वाटलं, नको म्हणावं. पण गेलेला माणूस माझा सासरा होता, आणि त्यांची एक गोष्ट माझ्याएवढी जवळून कुणी पाहिलेली नाही. म्हणून बोलते. चुकलंमाकलं पोटात घाला.

तुमच्यासाठी ते दूध सोसायटीचे चेअरमन. माझे मामंजी. आवाज कसा होता, तुम्हाला माहीतच आहे. ओसरीवर रागावले की सिरसाळ्याच्या बाजारात ऐकू जायचं, असं सासूबाई म्हणतात. पण हाच माणूस घरात शिरताना आधी दारात खाकरायचा. का? तर सुनेला पदर सावरायला वेळ मिळावा. लग्न होऊन वर्षं झाली तरी आम्ही एकमेकांशी सरळ बोललो नव्हतो. 'सूनबाईला म्हणावं, चहा टाक,' हे मी समोर असताना ते भिंतीला सांगायचे. मीही भिंतीलाच 'हो' म्हणायची.

मग तो दुष्काळ आला. जनावरं चारा छावणीत गेली, त्यांच्यापाशी माझे मालक गेले. आणि मला सातव्या महिन्यातच बीपी वाढून झटके आले. मोठ्या सरकारी दवाखान्यात सिझर करून गौरीला काढली. सव्वा किलोची. कातडी एवढी पातळ, की आतल्या शिरा दिसायच्या. चोखायची ताकद नाही, म्हणून नळी घातलेली. आणि मधेच श्वास घ्यायचं विसरायची. हो, लेकरं विसरतात. दिवस भरायच्या आधी आलेल्या लेकराला श्वास घेणंसुद्धा शिकावं लागतं.

काही दिवस ती मशीनच्या उबेत होती. मग डॉक्टर म्हणाले, आता माणसाची ऊब द्या. उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, जितका जास्त वेळ जमेल तितका. माझी खाट त्याच खोलीत होती, पण मला उठून बसवत नव्हतं. सासूबाईंना खोकला, त्यांना आत सोडत नव्हते. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही धरा. काढा सदरा."

"आं? सुनंपुढं?"

मामंजींनी टोपी सावरली. मग भिंतीला म्हणाले, "सूनबाईला म्हणावं, तिकडं तोंड कर."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मामंजी, मला कूस बदलता येत न्हाई. तुमी काढा सदरा. माझं लेकरू धरा."

त्यांनी सदरा काढला.

सिस्टरनी गौरीला त्यांच्या छातीवर ठेवली, वरून सासूबाईंच्या जुन्या लुगड्यानं बांधली. मामंजी एवढे ताठ बसले, की सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही तरी श्वास घ्या." मी हसले. टाके दुखले, तरी हसले.

माझं दूध सिस्टर काढून वाटीत घ्यायच्या आणि गौरीला नळीनं द्यायच्या. आता ते किती निघालं, हे सासऱ्यानं सुनेला विचारायचं कसं? मामंजींनी वाट काढली. सोसायटीत जमा झालेल्या दुधाचं विचारावं तसं रोज विचारायचे, "सिस्टर, आज संकलन किती?" दुष्काळात सोसायटीचे कॅन रिकामे परत येत होते, आणि आमचे चेअरमन दोन चमचे दुधाची वाटी बघून खूश. "वाढलं की!" म्हणायचे. भिंतीला.

एकदा संचालक मंडळ दवाखान्यात आलं. चाऱ्यावरून भांडण पेटलं होतं. आत सोडत नव्हते, म्हणून सगळे खिडकीबाहेर उभे. आत चेअरमन उघडेबंब, छातीवर नात. तुमच्यातले काही जण होते तिथं. आठवतंय? तुम्ही ओरडायला लागलात, तर मामंजी कुजबुजले, "हळू बोला रे, लेकरू दमलंय." आणि तुम्ही हळू भांडलात!

तेवढ्यात मामंजींची नजर छातीकडं गेली. गौरी हलत नव्हती. ओठ निळसर पडले होते. सिस्टरनी शिकवलं होतं तसं त्यांनी तिचा इवलासा तळवा बोटानं चोळला. काही नाही. पुन्हा चोळला. सिस्टर धावत आल्या. मी खाटेवरून बघत होते. आणि गौरीनं श्वास घेतला. मामंजी भिंतीकडं वळलेच नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "घेतला गं पोरी. घेतला." आणि संचालक मंडळासमोर ढसाढसा रडले.

घरी आल्यावर दारात काठी घेऊन बसले. घुटी नाही, मध नाही, मुके नाहीत. अशा लवकर आलेल्या लेकरांच्या डोळ्यांचा पडदा बिघडू शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून तो तपासायला दुधाच्या टेम्पोतून घेऊन गेले. "डोळं धड उघडलं न्हाईत, तपासायचं काय?" म्हणून लोक हसले. हसू दिलं. ती पाहा, गौरी. समोर बसली आहे, सगळं नीट दिसतं तिला.

पुढं धारूरपर्यंत कुणाच्या घरी दिवस भरायच्या आधी लेकरू झालेलं कळलं, की मामंजी निघायचे. दवाखान्यात आधी बापाला गाठायचे. "लाजतो कावून? मी चेअरमन असून काढला सदरा." सगळी लेकरं वाचली नाहीत. एक गेलं तेव्हा हा माणूस घरी येऊन जेवला नाही. पण पुढच्या लेकराचं कळल्यावर पुन्हा गेला.

आता श्रद्धांजली वाहायची आहे. माझी एक विनंती. मामंजींच्या सांगण्यावरून ज्यांनी ज्यांनी आपलं लेकरू, नातवंड उघड्या छातीवर धरलं, त्या पुरुषांनी आधी उभं राहावं. फक्त त्यांनी.

लाजू नका. उठा, भाऊ. काका, तुम्हीपण. मागं खांबापाशी आहेत ते, तुम्हीपण उठा.

मामंजी, बघा किती जण उठले.

आता आपण बाकीचे उभे राहू.