वाटंवरच्या काट्या

लोहाऱ्याच्या स्टँडवर माकणीची एसटी अजून लागायची होती. पुढच्या बाकावरच्या टोपीवाल्या मामांनी मोबाइलवरची अडवलेल्या जहाजांची बातमी बंद केली, तशी शेजारी बसलेली मामी त्यांच्याकडं वळली. मागं बसलेल्या वर्षाराणीचे कान टवकारले.

"काय व्हतं हो त्या जहाजांत?" मामीनं विचारलं.

"उपाशी लोकांसाठी पीठ आन् औषधं. फौजेनं दर्यातच आडवली."

"मग चूक कुणाची?"

"जहाजवाल्यांची. नाकाबंदी हाय म्हणून ठावं असताना गेलेच कशाला?"

"काल म्या बी गेलते की."

"कुठं?"

"तुमच्या चुलतभावाच्या वस्तीवर. तुमच्या काकू वारल्या, घरात चूल पेटली न्हाय, म्हणून भाकरीची पाटी घेऊन निघाले. बांधाच्या भांडणापायी तुमी वाटंवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. फिरले माघारी. चूक माझीच ना?"

मामांनी मोबाइल खिशात घातला.

"तेची लेकरं जेवली आसतील का गं?"

"मला काय ठावं? काट्या तुमच्या."

"आज पुन्ना भाकरी थाप. काट्या म्याच काढतो. पाटी बी म्याच नेतो डोक्यावर."

"गडी माणूस आन् डोक्यावर पाटी? लोक बघतील."

"बघू दे. वाट आडवली तवा बी बघतच व्हते."