माह्या सीटखालची पेटी

बसा ताई, त्या खाटेवर बसा, मले उठाले वेळ लागते म्हून मी इथूनच बोलतो. आमी गोरमाटी, तुमी लोकं लमान म्हनता, आर्नीपासून आतमंधी टेकडीच्या अंगाले हा आमचा तांडा. आमच्या जुन्या लोकाइचा धंदा म्हंजे लदेनी, बैलाच्या पाठीवर दुसऱ्याचं मीठ, दुसऱ्याचं धान्य लादायचं अन मुलुख मुलुख चालत जायचं. माहा आजा हे सांगत बसे, त्यानं स्वतः काई पाह्यलं नोतं, त्याच्या बापानं सांगतलेलं, पन सांगे असा का जसा काई कालच बैल सोडून घरी आला. थो म्हने, ज्याचा माल त्यानंच गोनीचं तोंड शिवायचं, गाठ त्याची. रस्त्यात गाठ सुटली तं आपन हात लावाचा नाई, तांड्याच्या नाईकाले बोलवायचं, मानसं उभे करायचे, त्याइच्या समोर शिवायचं. दुसऱ्याच्या गाठीले हात लावला तं त्या घरची पोरगी कोनी करत नसे. हे ऐकून ऐकून मी मोठा झालो ताई, अन त्याच्यातच माहा घात झाला.

माह्या बापाजवळ बैल नोते, माह्याजवळ लायसन आलं. आर्नीत एका शेठच्या पिकअपवर लागलो. शेठचं दुकान बी-बियान्याचं अन फवारनीच्या औषधाचं, माल गावोगावच्या दुकानदाराइले पोचवाचा, हे माहं काम. लग्नाच्या आदीपासून तिथंच होतो, गाड्या बदलल्या पन ड्रायवर मीच. शेठ वाईट नोता, कायले खोटं बोलू, पोट्ट्याच्या बारशाले बायकोले लुगडं घेऊन आलता. माही एकच कटकट होती, गाडीत माह्या सामानाले जागा नोती. डबा पायापाशी, दुपट्टा काचेपाशी, अन माल उतरवाले मांगं गेलं का कोनी बी हात घालते. वणीच्या बाजारात डबा गेला, भाकरीसकट गेला. महागावले नवी चप्पल गेली, अनवानी पायानं गाडी हानत आलो, क्लच असा चटके देऊन राह्यलता! दरवेळी शेठले म्हनो, शेठ, गाडीत एक कुलपाची पेटी बसवून द्या ना, अन शेठ म्हने पाहू.

मंग एक दिवस शेठच म्हनला, राठोड, गाडी घेऊन चांदभाईकडे जा, एक कुलपाची पेटी बसवून घे, मजबूत पायजे. येवढंच म्हनला. काय सांगू तुमाले, मले किती बरं वाटलं! म्हनलं, पाह्य, मानसानं आपलं ध्यानात ठेवलं.

चांदभाई म्हंजे आर्नीतला वेल्डिंगवाला, त्याच्या बापापासून गाड्याइच्या पेट्या, मांगचे माल लादाचे हौद, सगळं त्याईच्याच हातचं. थो पह्यले इचारे, राठोड, रखना क्या है इसमें? म्या म्हनलं, क्या रखना, अपना डब्बा, अपने कपडे. मंग म्हने, बिठाना कहाँ है, पीछे हौद में या केबिन में? म्या म्हनलं, माह्या सीटखाली बसव, माह्या बुडाखालून कोन चोरते! थो बी हासला, मी बी हासलो. कपडे ठेवाचे म्हून त्यानं खालून अक्खा पत्रा मारला, धूर नाई, धूळ नाई, पान्याचा थेंब नाई. झाकन सीटकडून वरतं उघडे, तिकळूनच काय थोडीशी फट. काम झाल्यावर त्यानं बिस्मिल्ला म्हनून दोन्ही चाव्या माह्या हातात ठेवल्या. त्याच्या बापाची रीत होती, जो स्टेरिंगवर बसते त्याच्या हातात चावी, मालक मोठा असो का लहान असो.

गाडी घेऊन मी सिधा तांड्यावर आलो. बायकोले म्हनलं, जनी, पाह्य तं खरं. तिनं सीट उचलून पाह्यली, झाकन लावून पाह्यलं, कुलूप लावून ओढून पाह्यलं. आमच्याइत नवी वस्तू आली का भोग लावतात, निखाऱ्यावर तूप-गूळ घालून सेवालाल बापूचं नाव घेतात, तसा तिनं गाडीपाशीच भोग लावला. तिच्या आईनं देल्ला एक जुना काचांचा कपडा होता, आरशाचे तुकडे अन कवड्या शिवलेला, थो तिनं कापला, ताई, जो पोरीच्या लग्नासाठी ठेवला होता थो कापला, अन डिंक लावून पेटीच्या आतून बसवला. म्हने, तुमचा डबा आता राजावानी बसन. सकाळी त्याच्यात डबा ठेवून मी दुकानात गेलो.

शेठनं सीट उचलली. आतमंधी पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं. मले वाटलं रागावन, पन थो रागावला नाई. हात पुढं केला अन म्हने, चाव्या. मंग म्हने, राठोड, हे तुह्यासाठी नाई रे बावा, ह्या महागड्या औषधाच्या शिशा जातात तुह्या गाडीत, कमी पडून राह्यल्या, कुठी पडतात समजत नाई, आता पेटीत जातीन, एक चावी इथं, अन दुसरीसारख्या करून माल घेनाऱ्या दुकानदाराइजवळ. तुह्यावर शक नाई, पन सिस्टम पायजे. म्या म्हनलं, शेठ, शक नाई तं एक चावी मले काहून नाई? त्यानं चाव्या गल्ल्यात टाकल्या. मी बापूची आन घेऊन सांगतो, एक शिशी माह्या घरी आली नाई कदी. कपडा माह्याच हातानं खरवडून काढला, आरशे फुटले, घडी करून खिशात घातला अन जनीले सांगतलं डबा गरम होते म्हून काढला.

तवाच नोकरी सोडाले पायजे होती, पन नाई सोडली. काहून नाई सोडली? मले दाखवाचं होतं. येवढे वर्स ज्याच्या मालाले हात नाई लावला, त्याच्या कुलपाले बी लावनार नाई, पाहा म्हनलं एकदा मले. पन कोन पाहून राह्यलं होतं! गावातले दुकानदार, जे मले चहा पाजत, थे आता पेटी उघडून पह्यले शिशा पाहात, मंग मले राम राम करत. मी माह्या बुडाखाली दुसऱ्याच्या शिशा इज्जतीनं घेऊन फिरे, अन माहा डबा पायापाशी.

मंग थो दिवस. फवारनीचा हंगाम, ऊन असं का डोक्स फुटून जाइन, अन मी फुलसावंगीले माल घेऊन चाललो. महागावच्या पुढं रस्त्यात खड्डा लागला, गाडी आपटली, अन थोड्या वेळानं वास आला. औषधाचा वास मले समजे, म्हनलं शिशी फुटली. खालून पत्रा बंद, तं वास कुठून निंगन? फटीतून सिधा माह्या नाकात. गाडी फाट्यावर थांबवली, शेठले फोन लावला, शेठ, पेटीत शिशी फुटली, झाकन उघडाले पायजे. शेठ म्हने, राठोड, कुलूप तोडू नको, बाकीचा माल उघडा पडन, फुलसावंगी काय दूर आहे, काच खाली कर अन चाल, तिथं चावी हाये. फाट्यावरचा चहावाला सगळं ऐकून राह्यलता. थो लोखंडी सब्बल घेऊन आला, म्हने, अबे तोड ना, मरशीन का? सब्बल माह्या हातात देल्ली त्यानं. मी तशी धरली अन ठेवून देल्ली. मले आजा दिसला, त्या गोन्या दिसल्या. म्हनलं आज कुलूप तुटलं तं लोकं म्हनतीन राठोडनं तोडलं, शिशी फुटली हे कोनाच्या ध्यानात राह्यते!

काच खाली केली अन निंगालो. डोळ्यातून पानी, तोंडातून लाळ, समोरचा रस्ता अंधुक झाला, कुर्ता घामानं ओला झाला. मी गाडी कशी नेली मले माईत नाई. दुकानासमोर उभी केली अन दरवाजातून खाली पडलो. मी रस्त्यावर पडून राह्यलो होतो ताई, वांती करून राह्यलो होतो, अन दुकानदारानं पह्यले सीट उचलली, कुलूप उघडलं, अन शिशा मोजल्या. तुटलेली एक, बाकी बराबर. मंग म्हने, अरे उचला याले.

दवाखान्यात लय दिवस होतो, जनी उशापाशीच होती. वाचलो, पन काई दिवसानं त्या औषधानंच पाय गेले. दिसतात हे पाय तुमाले, पन मले तळवे समजत नाईत, काठी घेऊन चालतो, क्लचवर पाय ठेवला का नाई हे खाली पाहून पाहाव लागते. असा मानूस गाडी चालवते का? चांदभाई भेटाले आला तं रडाले लागला, म्हने, दवा बोलता तो मैं नीचे छेद मारता, पीछे हौद में बिठाता. मी त्याले काय म्हनू, मले जे वाटलं थेच मी त्याले सांगतलं, शेठनं तं मले काई सांगतलंच नोतं. त्याचा राग नाई मले. मले राग शेठचा हाये, अन माहावाला बी हाये, थो जात नाई. जनी म्हनते सोडा आता, पन सुटत नाई ना.

शेठ आता साऱ्या आर्नीत सांगत फिरते, ड्रायवर असावा तं आमच्या राठोडसारखा, जीव चालला होता पन कुलपाले हात नाई लावला. जे ऐकासाठी मी येवढे वर्स काढले थे आता रोज कानावर येते, अन ऐकलं का माह्या तोंडात कडू पानी येते. मांगच्या आठवड्यात थो नवा ड्रायवर घेऊन इथं आलता, त्याच पिकअपमंधी, पेटी अजून सीटखालीच. ड्रायवर बाजूच्या तांड्यातलाच, बायकापोरंवाला मानूस. शेठ त्याले म्हने, याच्या पाया पड, याच्यासारखा इमानदार हो. थो वाकला. मी त्याच्या डोक्शावर हात ठेवला अन शेठसमोरच म्हनलं, बावा, माहं ऐक, वास आला का गाडी थांबवजो, अन जे हातात येइन त्यानं कुलूप फोडजो, फोन करू नको, कोनाले इचारू नको. शेठ जाऊन गाडीत बसला. सेवालाल बापू त्या लेकराइच्या बापाले जिता ठेवो ताई, इमानदार नाई राह्यला तरी चालन.