शेजारच्या लेनमधली

मान धरली म्हणून फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या शिवणकामवाल्या बाईंना मागे वळता येत नव्हतं. कान मात्र शाबूत होते. मागच्या बाकावर एक धावपटू पोरगी आणि तिची आत्या बोलत होत्या.

“आत्या, आत गेलीय ना, ती शर्यतीत नेहमी माझ्यापुढे जाते, म्हणून तिचा पाय मुरगळावा अशी मी चर्चमध्ये प्रार्थना करायचे.”

“आणि मुरगळला, म्हणून तिला इथं घेऊन आलीस होय?”

“हो.”

“प्रभू काय तुझा हरकाम्या आहे? खड्ड्यात पाय गेला तिचा.”

“ते कळतं गं. पण ती पडली तेव्हा मला बरं वाटलं. त्याचं काय करू?”

“ते प्रभूला सांग.”

“त्याला सांगून झालं. आता तिला सांगायचंय.”

“बोलणं टाकेल ती.”

“टाकू दे.”

आतलं दार उघडलं. कुणीतरी लंगडत बाहेर आलं.

“अजून थांबलीस? शनिवारी मी नाही धावत. तुला रान मोकळं.”

“ऐक ना. तू पडावीस असं मी देवाकडे मागत होते.”

लंगडणारी बाकावर टेकल्याचा आवाज बाईंच्या पाठीमागे आला.

“कधीपासून?”

“महिनाभर.”

“आणि आता काय मागतेस?”

“तुझा पाय बरा व्हावा.”

“मग हेही महिनाभर माग. आणि हात दे, बाहेर पायऱ्या आहेत.”