श्री गजानन प्रसन्न आणि दुसरा कॉम्प्युटर

मंडळी, ऐका! न विचारता घेतली ती चोरी — हे पोरासोरांनाही ठाऊक. पण चोरून घेतलेली वस्तू आपल्याच हक्काची निघाली, तर? माना हलवू नका एवढ्यात! आधी ऐका.

परांड्याच्या शालनबाई. लग्नपत्रिका तयार करून द्यायचं दुकान. मराठी अक्षरांचा प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये बसवलेला — रीतसर विकत घेतलेला हं! शेजारी बसून काम करायची धाकटी जाऊ, इंदू. जावा-जावा, आणि भांडण नाही! — हसता काय? असतात एकेक घरं!

पण इंदू जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. दुकान सुटलं. भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "मी आता कुणाच्या कामाची नाही." काय वाटलं असेल हो त्या जिवाला!

शालनबाईंनी एक जुना कॉम्प्युटर आणून तिच्या खाटेशी लावला. आता त्यातही तोच प्रोग्राम हवा. इंदूचा नवरा भास्कर म्हणाला, "टाका हो वहिनी, कोण बघतंय!"

टाकणार — तोच हात थांबला! का? अहो, पत्रिकेची पहिली ओळ कोणती? 'श्री गजानन प्रसन्न'! शालनबाई म्हणाल्या, "चोरीच्या अक्षरांत गणपतीला बोलवायचं? आणि त्यानं यायचं?"

प्रोग्रामचा परवाना उघडला. घेताना 'मान्य आहे' दाबलं होतं, वाचलं होतं कुणी? आता वाचायला बसल्या, तर सगळं वकिली इंग्रजी! कंपनीला फोन लावायला घेतला, तर इंदूनं हात धरला.

"जाऊबाई, नका! नाही म्हणाले तर? न विचारलेलंच बरं!"

रागावू नका तिच्यावर, मंडळी. बुडत्याला काडीचा आधार, आणि तीच हातची जायची भीती! शालनबाईंनाही तीच धास्ती होती. तरी लावला फोन.

पलीकडची मुलगी म्हणाली, "दोन्हीवर बसवा, ताई. तुमच्या परवान्यात चालतं. फक्त एका वेळी एकावरच काम करा."

"ऐकलंस?" शालनबाई म्हणाल्या. "सकाळ तुझी, दुपार माझी!"

आणि इंदू? हसायचं सोडून रडायलाच लागली! "जे आपलंच होतं, ते मी लपवत बसले असते हो!"

हे घ्या उत्तर! वस्तू हक्काची, पण विचारलं नसतं, तर ती माउली गजाननाचं नाव लिहिताना रोज दाराकडे बघत राहिली असती — कुणी येत नाही ना!

आता तुमच्याकडे वळतो. पेटीवाले, तुम्हीही ऐका! 'नाही' ऐकावं लागेल म्हणून काय काय झाकून वापरताय? देवापुढे रोज हात पसरता, तिथं लाजत नाही. मग माणसाला एक शब्द विचारायला का भिता? विचारा! आणि मग दार सताड उघडं ठेवून, मोकळ्या गळ्यानं देवाचं नाव घ्या!