युगो सुटला होता, म्हणून ही जागा

...आणि वर मलाच विचारतात, "बेपो, युगोत कोणी होडीची जागा ठरवायला जातं का रे?" अहो, मी काय हौसेनं गेलो होतो? मरिनावाल्यांनी, म्हणजे होड्या बांधायच्या धक्क्याच्या मालकांनी, दिवसच तो दिला! आता युगो म्हणजे आमचा दक्षिणेकडचा वारा, दमट, चिकट, सुटला की घराच्या भिंती घामेजतात, डोकं जड होतं आणि देवमाणूससुद्धा सूपमध्ये मीठ कमी म्हणून बायकोसमोर ताट आपटतो. तुम्हाला सांगतो, युगोत आमच्याकडे कोणी सोयरीक जुळवत नाही, घर विकत नाही, एवढंच काय, न्हाव्याकडेसुद्धा जात नाही... कारण न्हाव्याच्याही डोक्यात युगोच असतो ना, आणि हातात वस्तरा! आणि मी? मी गेलो जागा ठरवायला! पण करतो काय... युगो सुटला होता!

होडी म्हणजे तरी काय हो, जहाज नाही. एक शीड, एक सुकाणू, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं आपले पाय घरी ठेवून यावं, एवढीशी. मग एवढ्याशा होडीसाठी एवढा जीव का टाकायचा? सांगतो ना. मी तीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होतो. लोक म्हणतात, बेपोनं जग बघितलं. कसलं जग! बेपोनं कांदे बघितले! पण दर खेपेला जहाज सुटायचं तेव्हा धक्क्यावर माझी बायको उभी असायची, फिलोमेना. बाकीच्या बायका जरा हात हलवून वळायच्या, त्यांनाही घरची कामं असतात, पण ही उभीच. ठिपक्याएवढी व्हायची तरी उभीच. मला फार वाईट वाटायचं हो. निवृत्त झालो त्या दिवशी ठरवलं, आता हिला धक्क्यावर ठेवायचं नाही. हिला पुढे बसवायचं, मी सुकाणू धरायचं, समोरच्या बेटावर जायचं, सार्डिन मासळी भाजायची. बस्स!

म्हणून होडी घेतली, नावसुद्धा तिचंच दिलं, 'फिलोमेना'. वाटलं, खूश होईल. तर कमरेवर हात! "म्हणजे उद्या गावभर बोंबलत फिरणार, फिलोमेनाच्या बुडाला शेवाळ धरलंय, खरवडायला हवं! होय ना?" आता बोला! पण मग म्हणाली, "येईन मी. पण एक सांगून ठेवते बेपो, त्या हलत्या फळीवरून डोंबारणीसारखी नाचत मी होडीत उतरणार नाही. जागा नीट बघ. जागा धड मिळाली नाही, तर तू आणि तुझी होडी, मी माझ्या घरी."

म्हणजे सगळं आलं कशावर? जागेवर! आणि जागा ठरवायची कधी? युगोत!

तिथे मरिनाच्या कचेरीत लोव्रे बसलेला. पोरगा चांगला आहे एरवी, पण त्या दिवशी चेहरा शिळ्या मासळीसारखा. "बार्बा बेपो, तीन जागा उरल्यात. दुपारपर्यंत सांगा, नाहीतर व्हिएन्नाचा एक दंतवैद्य टपून बसलाय." समुद्रावर म्हातारा झालेल्या प्रत्येकाला आमच्याकडे बार्बा म्हणतात, काका म्हणा ना! आणि बार्बा झालात की सल्ला द्यायचा परवाना आपोआप मिळतो. त्यात एका बार्बाला विचारलंत आणि दुसऱ्याला नाही, तर दुसरा तुमच्या मयतीलासुद्धा पाठ फिरवून उभा राहील! म्हणून मी शहाण्यासारखा धक्क्यावरच्या बाकांवर बसणाऱ्या दोन्ही बार्बांना विचारायला गेलो. शहाण्यासारखा... युगोत!

बार्बा येर्को बसतो डाव्या बाकावर. त्याला म्हटलं, बाहेरच्या टोकाची जागा कशी? मोकळी आहे, शीड उभारलं की निघालं. झालं! उठून उभाच राहिला. "बाहेरची? अरे, खुळा की काय! हिवाळ्यात डोंगरावरून बुरा उतरला की तुझी होडी उचलून चर्चच्या घंटेला टांगेल! मग बस रविवारी प्रार्थनेला होडीत!" बुरा म्हणजे आमचा दुसरा वारा, कोरडा, थंड, डोंगरावरून येतो तो सरळ थोबाडीतच देतो.

गेलो उजव्या बाकावर. तिथे बार्बा गर्गो, एक डोळा मिटून. "येर्को काय म्हणाला? बुरा? हॅ! त्याला वाऱ्यातलं काय कळतंय, तो आयुष्यभर टपालखात्यात होता! ऐक. बुरा नुसता ओरडतो. मारतो तो युगो. ती मधली जागा दिसते ना? युगोची लाट आत शिरते, वळते आणि बरोबर तिथेच उसळते. त्या जागेवर देवमासासुद्धा ओकेल!" तेवढ्यात डावीकडून आवाज आला, "मी टपालखात्यात होतो, पण टपालाच्या बोटीवर होतो!" की उजवीकडून, "बोटीवर होतास, पण पिशव्यांवर झोपलेला होतास!" आणि मधे मी, घामानं निथळत, माझी दुपार होत आलेली! तुम्हीच सांगा, माणसानं करायचं काय?

मी ओरडलो, "आणि तिसरी? ती आतली? दगडी धक्क्याला लागून, अंजिराखाली, बायकांच्या बाकासमोर?"

तर काय आश्चर्य! दोघंही एका सुरात म्हणाले, "छे छे छे! ती काय होडीची जागा आहे? तिथे कुंडी ठेवतात!"

या दोघांचं आजवर कशावर एकमत झालेलं नाही हो, आज वार कोणता यावरसुद्धा नाही! आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, दोघांचं पटलं म्हणजे ते नक्कीच चूक असणार! ताडताड गेलो, टेबलावर मूठ आपटली, "लोव्रे, तिसरी लिही!" लिहिली त्यानं. एरवी मी विचार केला असता, घरी जाऊन झोपलो असतो, बायकोला विचारलं असतं... पण नाही! युगो सुटला होता!

संध्याकाळी फिलोमेनाला घेऊन आलो. ती धक्क्यावर उभी, होडीकडे बघतेय, दोराकडे बघतेय... आणि उंबरा ओलांडावा तसा पाय उचलून आत! फळी नाही, नाचणं नाही. बसली. शाल सारखी केली, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "चांगली आहे की!" मी तोंड फिरवून डोळे पुसले. विचारते, "रडतोस?" म्हटलं, छट्, युगो आहे, युगोनं डोळ्यांतून पाणी येतं!

दुसऱ्या दिवशी आकाश कसं लख्ख, मंद वारा, जायला एकदम फक्कड. मी शीड मोकळं करून दोराला हात घातला. बाईसाहेब आल्या त्या उशी, कॉफीचं भांडं, तुळशीची कुंडी आणि विणकाम घेऊन. बाकावरच्या बायकांना हातानं बोलावलं, "या गं, इथून सगळा धक्का दिसतो!" मी म्हटलं, "सोडू का दोर?" म्हणाली, "पोमालो, बेपो." म्हणजे सावकाश. आमच्याकडे पोमालो म्हणजे कधी आजच, कधी पुढच्या जन्मी! तिसऱ्या दिवशी पोमालो, आठवड्यानं पोमालो, उन्हाळा सरत आला तरी पोमालो! शेवटी माझा तोल सुटला. "अगं, ही होडी आहे, ओसरी नव्हे! ते बघ बेट, हा बघ वारा, जाऊ या ना!"

तिनं विणकाम मांडीवर ठेवलं. "तीस वर्षं तू दोर सोडलास आणि मी बघत राहिले," म्हणाली. "आता तू आहेस, होडी आहे आणि दोर बांधलेला आहे. हे तिन्ही एकदम मला कधी मिळालं होतं का रे?"

आणि बोंब अशी, की त्या दिवशी हवा अगदी स्वच्छ, दोष द्यायला युगोसुद्धा नाही! उठलो, दोराला आणखी एक गाठ मारली आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो. हल्ली लोक मुद्दाम विचारतात, "काय बेपो, होडी कशी चालते?" मी म्हणतो, चालते कशी ते अजून कळलं नाही बुवा... बसते मात्र झकास!